अळीची लस आणि सोनगीरची मरी

सरकारी गोडाऊनमध्ये मोडक्या खुर्च्या साठतात, तसे आमच्या कीड शाखेचे किस्से माझ्याकडे साठले आहेत. मोडकी खुर्ची टाकायची तर वरून मंजुरी लागते, म्हणून ती कोणी टाकत नाही; एकीवर एक चढत जाते. परवा चहाच्या दुकानात मित्र म्हणाले, "तुझ्या त्या धुळ्याच्या अळ्यांच्या गोष्टी सांग रे, मजा येते." यांना मजा येते! मला अजून संताप येतो. सांगतो, पण सांगताना माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका.

आधी माणसं सांगतो. कीड शाखा म्हणजे धुळ्याच्या शेती ऑफिसच्या मागची पत्र्याची एक खोली. तिच्यात आम्ही दोघं. वामनराव मुख्य, पुण्याहून शेतीची डिग्री घेऊन आलेले, आणि मी त्यांचा फील्डमन. आमच्यावर मोठे साहेब, ते जळगावला बसत. आणि शाखेच्या बाहेरचे, पण शाखेपेक्षा जास्त शाखेचे, ते सोनगीरचे भिकाआबा. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं भुईमुगाचं शेत होतं, आग्रा रोडला लागून.

आणि ती अळी. पाचोऱ्याला बियाण्याच्या शेंगांची पोती बाहेरमुलखातून रेल्वेनं आली, त्यांच्यातून तिचे कोष उतरले, असं सगळे म्हणत. राखी रंगाचा साधा पतंग, पण त्याची अळी पान म्हणून ठेवत नसे. लोकांनी तिचं नाव ठेवलं रेल्वेअळी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पाच-सहा हंगामांत ती पाचोऱ्याहून धुळ्यापर्यंत पसरली. साहेबांचा उपाय एकच होता, बायका लावून अळ्या वेचा आणि रॉकेलच्या डब्यात टाका. पुढे लढाई लागली आणि दिव्याला रॉकेल मिळेना, तर अळीला कुठून आणणार? तरी साहेबांचं पत्र दर महिन्याला येई, "रॉकेलमध्ये टाकावे."

एके सकाळी आबांनी आम्हाला शेतात नेलं आणि एका झाडाकडे बोट दाखवलं. अळ्या शेंड्यावर चढून खाली डोकं करून लटकल्या होत्या, मेलेल्या, काळवंडलेल्या. एकीला मी काडी लावली तर तिचं कातडं फुटलं आणि आतून नुसतं पाणी गळलं. मी काडी फेकून दिली. वामनरावांचे मात्र डोळे लकाकले.

"हे आपण केलेलं नाही," ते म्हणाले. "यांना यांचाच रोग झालाय. त्याचा जंतू इतका बारीक, की आपल्या मायक्रोस्कोपात दिसायचा नाही. पण माणसाला नाही, बैलाला नाही, मधमाशीला नाही. फक्त या अळीला."

त्यांनी मेलेल्या अळ्या वेचल्या, खलबत्त्यात पाण्याबरोबर वाटल्या, फडक्यातून गाळल्या आणि ते पाणी ऊन उतरल्यावर अर्ध्या शेतावर शिंपडलं. आठवडाभरात त्या अर्ध्या शेतातल्या अळ्या लटकल्या. उरलेल्या अर्ध्यातल्या मजेत पानं खात होत्या. त्या दिवसापासून वामनरावांना एकच ध्यास लागला, की हा रोग जिवंत ठेवायचा आणि साऱ्या खानदेशच्या शेतांत सोडायचा. शाखा त्यासाठी टिकली पाहिजे, बास. बाकी प्रमोशन वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं.

*

पहिला घोळ शब्दाचा झाला.

त्या पाण्याला म्हणायचं काय? वामनराव म्हणाले, "लस म्हणू. शरीरातून गळते ती लसच." शब्द बरोबर होता. कोतवालानं सोनगीरमध्ये दवंडी दिली, "ऐका हो, उद्या सांजले सरकार अळीस्ले लस देणार शे!"

दुसऱ्या दिवशी आम्ही घागर घेऊन पोचलो, तर शेताच्या बांधावर गाव जमलेलं. त्यांच्या लेखी लस म्हणजे देवीची टोचणी, म्हणजे आजार होऊ नये म्हणून द्यायची ती! सरकार अळ्यांची प्रकृती जपायला निघालंय, असा त्यांचा समज. एक म्हातारी पुढे आली आणि वामनरावांसमोर हात नाचवत म्हणाली, "मना नातूले टोचाले डॉक्टर आखाजीले येणार व्हता, आजून उना नई. अन् अळीस्ले टोचाले तुम्ही दोन-दोन जण उनात?"

वामनराव तासभर समजावत होते. म्हातारी शेवटी म्हणाली, "बरं, मंग पोरेस्नी लस वेगळी अन् अळीनी वेगळी?" वामनराव हो म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "मंग पोरेस्नी कव्हय येई?"

मला तर त्या बाईचंच खरं वाटलं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, ती उलटून गेली तरी डॉक्टर आलाच नव्हता.

*

मग आबांनी तोड काढली. "वामनभाऊ, लस म्हंता कसाले? मरी म्हना. अळीस्मा मरी उनी शे, बस. आख्ख्या गावले समजी."

समजलं! मरी म्हणजे काय, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही. सोनगीरनं प्लेग पाहिला होता, पटकी पाहिली होती. गावात अळीची मरी सगळ्यांना नीट कळली. पण बातमी गावाबाहेर पडताना तिच्यातली अळी गळाली. "सोनगीरमां मरी उनी," एवढंच धुळ्यात पोचलं.

सर्व्हिस मोटारी सोनगीरला थांबेनात. ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून गाडी दामटायचे. बाजारच्या दिवशी तांब्या-पितळेची भांडी घेणारं गिऱ्हाईक फिरकलं नाही. आणि मग, ज्या आरोग्य खात्याला त्या नातवासाठी इतके दिवस सवड नव्हती, त्याचा इन्स्पेक्टर डॉक्टर आणि सुयांच्या पेट्या घेऊन हजर झाला. चावडीसमोर रांग लावली. आम्ही दोघं ओरडून सांगतोय की मरी अळ्यांना आहे, माणसांना नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, "आजारी असलेले सगळे असंच सांगतात." आणि सगळ्यांत आधी आम्हा दोघांना टोचलं.

दंड सुजून तापानं फणफणलो. तिसऱ्या दिवशी आबा भेटायला आले, त्यांचाही दंड सुजलेला. म्हणाले, "एक काम मातर झायं. त्या म्हातारीना नातूले बी टोचाई लिधं."

*

या सगळ्यात वामनरावांनी वर काय मागितलं होतं? काचेच्या थोड्या बरण्या आणि मलमलीचं फडकं. सोन्याची मूर्ती नव्हे.

कीड शाखेचा अर्ज म्हणून फाईल कीड विभागाकडे गेली. त्यांनी शेरा मारला, "विषय रोगाचा आहे." फाईल रोग विभागाकडे. तिथून शेरा, "आमच्याकडे पिकांचे रोग. किड्यांचे नाहीत." मग कुणा विद्वानानं विचार केला की रोग आहे, पण पिकाचा नाही, म्हणजे जनावराचा. फाईल गुरांच्या दवाखान्याकडे!

तिथून छापील फॉर्म आला. आजारी जनावराची जात, वय, रंग, शिंगं आहेत किंवा कसे. वामनराव शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी टाक दाबून दाबून तो फॉर्म भरला. शिंगं : नाहीत. पाय : सोळा. शेवटी प्रश्न होता, मालकाचे नाव. तिथं त्यांनी लिहिलं, "सरकार."

मला वाटलं, आता नोकरी गेली. कसली जाते! कोणी वाचतच नव्हतं. पावसाळा संपता संपता उत्तर आलं. बरण्यांचं नाव नाही. सल्ला होता, "आजारी जनावरे निरोगी जनावरांपासून ताबडतोब वेगळी बांधावीत."

आम्ही लोणच्याच्या बरण्या घरून आणल्या. फडकं म्हणून वामनरावांनी स्वतःचं जुनं धोतर फाडलं.

*

पाचोऱ्याचा एक शेंगांचा व्यापारी होता. धर्मभीरू, मुंगीलाही पाय लागू देत नसे. त्याच्या वखारीत आणि मागच्या वाडीत रेल्वेअळीची पैदास चाललेली, पण वेचून मारायला तो कुणाला हात लावू देईना. म्हणजे हा पुण्य कमावणार आणि भोवतीच्या गावांनी आपली शेतं खाऊ घालायची. वामनराव त्याच्याकडे गेले. म्हणाले, "शेटजी, आपण मारायचं नाही. पाणी शिंपडायचं. त्या आजारी पडतात आणि त्यांच्या त्या जातात."

व्यापाऱ्यानं डोळे मिटून विचार केला आणि परवानगी दिली. आम्ही शिंपडून आलो. आठवड्यानं पाहायला गेलो तर अळ्या लटकलेल्या, आणि शेटजी पायरीवर बसून डोळे पुसत होते. आत गेले, गुळाची ढेप आणून वामनरावांच्या हातात दिली.

"हे कशाला?" वामनरावांनी विचारलं.

"आजारी पडल्या बिचाऱ्या," शेटजी म्हणाले. "त्यांच्या औषधपाण्याला काही कमी पडू देऊ नका."

माझं डोकं फिरलं होतं. गूळ मात्र चांगला निघाला, हे कबूल केलं पाहिजे.

*

आता जळगावचं प्रदर्शन. हे सांगताना माझा आवाज चढणार.

मेहरूणच्या तळ्याकाठी शेती प्रदर्शन भरलं होतं. साहेबांचं फर्मान आलं, कीड शाखेनं स्टॉल मांडावा. सोबत एक ओळ होती, शाखेचा उपयोग काय तो लोकांना आणि वरिष्ठांना दिसला नाही तर शाखा चालू ठेवण्याचं कारण उरणार नाही. म्हणून वामनरावांनी जमवलेली सगळी लस जळगावला नेली. दोन हंगामांची मेहनत होती ती. शेतोशेत हिंडून वेचलेल्या अळ्या, वाटून, गाळून बरण्यांत भरलेल्या. मांडणी छान झाली. लटकलेल्या अळीचं मोठं चित्र काढून लावलं.

वासाचं म्हणाल तर होता. मेलेल्या अळ्यांना मोगऱ्याचा कसा येणार? आणि आयोजकांनी आमच्या शेजारी दिला होता भज्यांचा स्टॉल. भजीवाल्यानं बोंब ठोकली. दुपारी आम्ही जेवायला गेलो असताना मोठे साहेब पाहणी करत तिथं आले. त्यांनी नाकाला रुमाल लावला, बरण्यांतली ती काळी घाण पाहिली आणि झाडूवाल्यांना बोलावून हुकूम सोडला, "हे सगळं धुऊन काढा."

आम्ही परत आलो तर बरण्या उन्हात पालथ्या ठेवलेल्या. फिनेल घालून धुतलेल्या, लखलखीत. एका बरणीत कोणी तरी झेंडूची फुलंसुद्धा ठेवली होती.

वामनराव एकेक बरणी उचलून नाकाशी नेत होते. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. त्या क्षणी साहेब समोर आले असते तर मी काय बोललो असतो ते मला आजही सांगता येणार नाही, आणि सांगूही नये.

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. सर्वांत स्वच्छ स्टॉलचं पहिलं बक्षीस, कीड शाखा, धुळे.

चाळीसगावला गाडी बदलून आम्ही धुळ्याला निघालो. फ्रेम केलेलं सर्टिफिकेट वामनरावांच्या मांडीवर होतं. समोरच्या बाकावरच्या माणसानं ते वाचून त्यांचं अभिनंदन केलं.

*

सोनगीरला आबांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. त्यांची पत्नी, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, तिच्या ओसरीवरच तर आमचं वाटण-गाळण चालायचं. अक्काचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध. वाटणाचा खलबत्ता तिचा होता आणि तो तिला परत नको होता. गाळायच्या फडक्यावरून तर रोज भांडण. वामनराव म्हणायचे, धुऊन टाका. ती म्हणायची, "हाई फडकं माले दखाडू बी नका. मी धोवाव नई."

आम्ही गेलो, जळगावची हकीकत सांगितली. म्हटलं, आता पुढच्या पावसाळ्यात आजारी अळी कुठं सापडली तर सापडली, नाहीतर शाखा संपली. अक्का तावातावानं उठली, गोठ्यात गेली आणि काठीच्या टोकाला अडकवून एक काळं, वाळून पापडासारखं कडक झालेलं चिरगूट घेऊन आली. वामनरावांचं धोतर! गेल्या पावसाळ्यात शेवटचं गाळून झाल्यावर तिनं ते गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात खुंटीला टांगलं होतं, आणि कोणी हात लावला नव्हता.

"आते तरी लई जा हाई घाण," ती म्हणाली.

वामनरावांनी ते दोन्ही हातांत घेतलं. त्या पावसाळ्यात आम्ही ते पाण्यात भिजवलं, त्या पाण्यात बुडवलेली पानं थोड्या अळ्यांना खाऊ घातली, आणि त्या लटकल्या. त्यांच्यापासून पुढे सगळं पुन्हा उभं राहिलं. वामनराव अक्कासाठी नवीन खलबत्ता घेऊन गेले. तिनं तो घेतला आणि लगेच माळ्यावर लपवला, आमच्या हाती लागू नये म्हणून.

*

शेवटचा किस्सा लढाई संपल्यावरचा.

लढाईत शिपायांच्या उवा आणि डास मारायला वापरलेली एक पांढरी पावडर आता शेतीसाठी आली होती. साहेब तिच्यावर खूश. ऑर्डर निघाली, सोनगीरला पावडरीचं जाहीर डेमॉन्स्ट्रेशन होईल, आणि ते यशस्वी झाल्यावर कीड शाखा बंद करून वामनरावांना पावडरीच्या गोडाऊनवर नेमण्यात येईल. म्हणजे ज्या दिवशी पावडर जिंकेल त्या दिवशी वामनराव हरणार, हे कागदावरच ठरलेलं. जागा म्हणून साहेबांनी भिकाआबांचं शेत निवडलं. का, तर रोडला लागून आहे, मोटारी उभ्या करायला सोयीचं.

आम्ही जाऊन पाहिलं. त्या साली आबांच्या शेतात अळी औषधालाही नव्हती. वामनरावांनी तसं कळवलं, की साहेब, इथं मारायला अळीच नाही, आमचा रोग या मातीत मुरलाय, हीच आमच्या कामाची साक्ष समजा. साहेबांचं उत्तर आलं, "अळ्या आणून सोडाव्यात."

ऐकताय ना? अळ्या आणून सोडाव्यात! ज्या शेतकऱ्यानं आपली जमीन, आपली ओसरी, आपल्या बायकोचा खलबत्ता आम्हाला दिला, त्याच्या शेतात सरकारनं अळी आणून सोडायची! वामनरावांनी नकार दिला. साहेबांनी दुसरी माणसं पाठवली. पाचोऱ्याकडून टोपल्या भरून रेल्वेअळ्या रेल्वेनंच आल्या. अक्का बांधावर उभी राहून ओरडत होती, "आमनी शेंगास्ले अळी लागनी नई, म्हनीसन तुम्ही आणीसन सोडतस?" तिच्या देखत टोपल्या उलट्या केल्या. आबा डोक्याचं पागोटं काढून मांडीवर घेऊन नुसते बसले. वर्षाच्या शेंगा होत्या त्या. वामनराव त्यांच्याजवळ बसले.

डेमॉन्स्ट्रेशन दुसऱ्या दिवशी होतं, पण पावडरीचं पोतं चाळीसगावच्या मालधक्क्यावर अडकलं. कागद अपुरे होते. आज येतं, उद्या येतं करत आठवडा गेला, वर आणखी काही दिवस गेले. साहेबांनी तोवर शेताकडे कोणी फिरकू नये म्हणून पहारा बसवला.

अखेर पोतं आलं आणि दिवस ठरला. मांडव, खुर्च्या, फोटोग्राफर, आजूबाजूच्या गावांचे पाटील. साहेब मोटारीतून उतरले, तडक शेताच्या कडेला गेले आणि थबकले. झाडाझाडाच्या शेंड्यावर अळ्या उलट्या लटकत होत्या. काळ्या, लिबलिबीत. एक म्हणून जिवंत नव्हती.

साहेब मग वळले आणि मांडवाकडे हात करून म्हणाले, "बघा मंडळी! बघा पावडरीचा परिणाम!" टाळ्या पडल्या. फोटोग्राफरनं फोटो काढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढे व्हायला लागलो, तर वामनरावांनी माझा हात धरून ठेवला.

साहेबांनी पावडरीवर मोठं भाषण केलं. मग शेताचा मालक म्हणून भिकाआबांना पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय आबा, कशी वाटली आमची पावडर? सांगा सगळ्यांना."

आबांनी पागोटं सारखं केलं. एकदा शेताकडे पाहिलं, एकदा टेबलाशेजारी ठेवलेल्या पोत्याकडे.

"भारी शे साहेब," ते म्हणाले. "पोतं आजून शिवेल शे, अन् अळ्या बठ्ठ्या मरी बी ग्यात."